पाच चाळीसची गाडी

वरून काहीतरी खाली पडणार आहे, या एका गोष्टीवर आमच्या साडूंची जेवढी श्रद्धा आहे तेवढी मी कुठल्याही देवळाच्या रांगेत कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दादा म्हणतो. त्यांनी उभी नोकरी लिफ्ट तपासण्यात घालवली. अंधेरीच्या कचेऱ्यांपासून मुलुंडच्या टॉवरपर्यंत शेकडो लिफ्टना त्यांनी 'वापरण्यास योग्य' असा दाखला दिला आणि स्वतः जन्मभर जिने चढले. "दाखला कागदाला असतो रे, दोराला नसतो," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून सातव्या मजल्यावर, धापांच्या मधून ऐकलेलं आहे. लग्नाला गेले की ते आधी हॉलच्या झुंबराकडे बघतात आणि मग वधूवरांकडे. माझ्या धाकट्या मेहुणीच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी वरपक्षाच्या अकरा माणसांना खुर्च्यांसकट डावीकडे सरकवलं होतं. वरपक्षाला हा आमच्याकडचा काही विधी असावा असं वाटलं आणि ते मुकाट्याने सरकले. ग्रुप फोटोत ते कायम दाराजवळ उभे राहतात. त्यामुळे आमच्या नात्यातल्या एकूण एक फोटोंत दादांचा अर्धा खांदा आणि एक कान तेवढा आहे. आमच्या चेंबूरच्या घरी ते मे महिन्यात आले की पहिल्यांदा पंखा बंद करतात. "हुक बघून घे एकदा," म्हणतात. हुक बघण्यासाठी मी आजवर तीनदा माणूस बोलावलाय. दर वेळी हुक ठणठणीत निघालाय आणि दर वेळी दादांनी त्या माणसावरच संशय घेतलाय.

हे सगळं ते नोकरीत होते तोवर गमतीचं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्टची काळजी करून घरी येताना त्यांच्याकडे फारशी काळजी शिल्लक राहत नसे. निवृत्त झाले आणि काळजी होती तेवढीच राहिली, पण तिला बसायला लिफ्ट उरली नाही. एका दुपारी जेवता जेवता त्यांना दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, हात थरथरले. "मी चाललो," असं म्हणाले आणि ताट बाजूला सारून आडवे झाले. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन गेल्या. कार्डिओग्राम अगदी स्वच्छ आला. दोन महिन्यांत असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला तिथल्या डॉक्टरांनी चष्मा काढून सांगितलं, की काका, तुमचं हृदय माझ्यापेक्षा बरं आहे. हा भीतीचा झटका आहे, आणि त्याचे डॉक्टर वेगळे असतात.

ते डॉक्टर कुठले असतात हे आमच्या घरात सगळ्यांना कळलं आणि म्हणूनच कुणी उच्चारलं नाही. घाटकोपरला एक बाई होत्या, मनाच्या डॉक्टर. तिकडे दर गुरुवारी जायचं ठरलं. आता दर गुरुवारी दोघं कुठे जातात, हे नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना काय सांगायचं? ताईंनी सांगितलं, "यांच्या दातांचं काम काढलंय." दातांचं काम दर गुरुवारी चार महिने चाललं, तेव्हा सगळ्या गोतावळ्यात एकच निष्कर्ष निघाला, की दादांच्या तोंडात आता एकही दात उरलेला नाही. माझ्या सासूबाईंच्या एक्याऐंशीव्या वाढदिवसाला सगळ्यांना कोंबडी-वडे होते आणि दादांसमोर गुरगुट्या भाताची वाटी आली. वर साजूक तूप. सासूबाई स्वतः भरवायला निघाल्या होत्या. दादांनी माझ्या पानातल्या वड्यांकडे एकदा बघितलं, ताईंकडे एकदा बघितलं, आणि तो भात खाल्ला. पुढे मूग, शिरा, कुस्करलेली पोळी असं सगळीकडून येत राहिलं आणि ते खात राहिले. चांगले बत्तीस दात असलेला माणूस चार महिने तोंडाचं बोळकं झाल्यासारखा जगला, पण त्या बाईंचं नाव कुणी घेतलं नाही. मीही घेतलं नाही, हे इथे कबूल केलेलं बरं.

बाईंकडे पहिले दोन गुरुवार दादा काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी बाहेर बसले असताना त्यांची नजर कोपऱ्यात गेली. लहान मुलांसाठी ठेवलेली एक खेळण्यातली आगगाडी तिथे एका बाजूला कलून पडली होती. रूळ एका ठिकाणी निखळला होता. एवढं दिसल्यावर तो माणूस खुर्चीत बसणं शक्यच नव्हतं. ते जमिनीवर बसले, खिशातून नाणं काढून रूळ सारखा केला, चाकात अडकलेला केस काढला, गाडी एकदा फिरवून पाहिली, मग उरलेले सगळे सांधे तपासायला घेतले. त्यांचा नंबर लागला तरी ते उठेनात, तेव्हा बाई बाहेर आल्या आणि त्यांच्याशेजारी खाली बसल्या. "आत्ता छातीत काय होतंय?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाले, "थांबा जरा, सांधा जोडतोय." मग दोन मिनिटांनी मान वर करून, स्वतःच चकित होऊन म्हणाले, "काही होत नाहीये." बाईंनी गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या, आणि गोळ्यांबरोबर हेही चालू ठेवा म्हणाल्या.

तर अशी एक रेल्वे दादांच्या मुलुंडच्या घरात आली. सहा फूट लांब, तीन फूट रुंद प्लायवूडची फळी, आणि ती ठेवायला जागा पाहिजे म्हणून हॉलमधला दिवाण गेला. इंजिन माझ्या तर्जनीएवढं, मागे तीन डबे. डोंगर मखराच्या जुन्या थर्माकोलचा आणि वर प्लास्टर. पहिल्या वर्षी दादांनी डोंगरावर, दिवाळीच्या किल्ल्यावर पेरतात तसे, खरे हळीव पेरले. आठवड्यात डोंगर असा काही हिरवागार झाला की बघत राहावं. मग त्याला घातलेलं पाणी झिरपत वायरींत गेलं आणि गाडी बोगद्यात बंद पडली. तेव्हापासून डोंगरावर रंगवलेला लाकडाचा भुसा आहे. माणसांची अडचण तर विचारूच नका. गाडीच्या मापाची माणसं इथे मिळत नव्हती, म्हणून दादांनी किल्ल्यावरचे मातीचे मावळे आणून बसवले. त्यामुळे स्टेशनमास्तर मूळचा मावळा आहे. त्याच्या हातातला भाला काढून तिथे हिरवा झेंडा दिलाय, आणि तो उंचीने इंजिनाच्या चौपट आहे. एक गवळण घागर घेऊन कधीपासून फलाटावर उभी आहे. ती गाडीत शिरणं शक्य नाही हे सगळ्यांना कळतं. स्टेशनला नाव नाही. का, म्हणून मी विचारलं होतं. "नाव दिलं की वस्ती होते," दादा म्हणाले, "आणि वस्ती झाली की तक्रारी सुरू."

गाडी रोज एकच. संध्याकाळी पाच चाळीसला सुटते, डोंगराला फेऱ्या मारते आणि पाच बावन्नला त्याच फलाटावर येते. त्याआधी पंचवीस मिनिटं तपासणी. मऊ फडक्याने रूळ पुसायचे, प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवायचं, डबे उलटे करून चाकं बघायची. या वेळात कोणी आलं तर त्याने चप्पल काढून गुपचूप बसायचं असतं. एकदा सिलिंडरवाल्यालाही बसावं लागलं होतं. बसला बिचारा, आणि जाताना "झकास आहे साहेब" म्हणून गेला. रोजची नोंद एका वहीत होते: तारीख, गाडी सुटली, गाडी आली, अपघात निरंक. तीन वर्षं पानांमागून पानं नुसती 'निरंक' आहेत. एकाच ठिकाणी वेगळी नोंद सापडते: 'पाल, बोगद्याजवळ. गाडी चार मिनिटे थांबवली. पाल स्वेच्छेने गेली. निरंक.' मी एकदा सुचवलं, की दादा, दुसरी एखादी गाडी आणा, जरा मजा येईल. त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. "दुसरी कशाला? टक्कर व्हायला?" खऱ्या रेल्वेत त्यांना काडीचा रस नाही. तिथे आपल्याला सगळे सांधे बघू देत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. जन्मभर त्यांनी जी यंत्रं तपासली त्यांचा निम्मा भाग भिंतीआड होता. ही एकच गोष्ट अशी, की जिचा न दिसणारा कुठलाही तुकडा नाही.

ताई आल्यागेल्यासमोर या गाडीचा उद्धार करत. दिवाण गेला, पाहुण्यांनी बसायचं कुठे, धूळ कोणी पुसायची, वगैरे. पण एकदा मी ओट्याशी चहा घ्यायला गेलो तेव्हा त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तीन वर्षं झाली, एकदाही झटका नाही आला. रात्री घोरतात हो. मी जागी राहून ऐकते." आणि मग दूध उतू जातंय म्हणून मला बाजूला सारलं. दूध उतू जात नव्हतं.

आणि मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघाली. मुलुंडमध्ये हल्ली जी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघाली नाही तिच्याकडे लोक संशयाने बघतात, त्यामुळे सगळे खूश होते. सभासदांनी भाड्याच्या घरात जायचं, ही पाडायची, नवी उभी राहिली की परत यायचं. बिल्डरचं एकच म्हणणं होतं, प्रत्येक सभासदाची सही पाहिजे. प्रत्येकाची झाली. दादांची होईना. दोन महिने झाले, ते "बघू" एवढंच म्हणत. सोसायटीत याचा अर्थ एकच निघतो: काकांना जागा वाढवून पाहिजे. माणूस शांत बसतो म्हणजे पक्का मुरलेला आहे, असा बोलबाला झाला. जिन्यात लोक त्यांना जास्तच वाकून नमस्कार करायला लागले. दोघातिघांनी येऊन हळूच विचारलंही, की काका, तुमचं जमलं तर आमचंही बघा ना. बिल्डरच्या माणसाने घरी मिठाई पाठवली. दादांनी ती परत केली, तेव्हा तर त्यांच्या चिवटपणाची कीर्ती बाजूच्या दोन सोसायट्यांत पोचली.

शेवटी एका रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली. ताईंनी मला चेंबूरहून बोलावून घेतलं होतं. "हे तिथे तोंड उघडायचे नाहीत, तुम्ही तरी असा." सोसायटीचे सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावरचे, आवाजाने मोठे आणि मनाने सरळ गृहस्थ. "काका, सरळ बोला ना," ते म्हणाले. "किती फूट वाढवून पाहिजे? पार्किंग पाहिजे का? अख्ख्या सोसायटीची वाट लागलीय तुमच्या एका सहीसाठी." दादा वर छताकडे बघत होते. मग सेक्रेटरींनी एक जाडजूड फाइल काढली. त्यात दादांचीच पत्रं होती. गेली पंधरा वर्षं या माणसाने दर पावसाळ्याआधी सोसायटीला न चुकता पत्र लिहिलं होतं, की ही इमारत धोकादायक आहे, सज्जे पोकळ झाले आहेत, गिलावा सुटला आहे. सेक्रेटरी एकेक पत्र मोठ्याने वाचायला लागले. "'सदर सज्जा कोणत्याही क्षणी कोसळू शकतो, तरी त्वरित कार्यवाही करावी.' हे कोणी लिहिलं, काका?" दादा लक्ष देऊन ऐकत होते. "मधे एक ओळ राहिली तुमची," ते म्हणाले. "पण मुद्दा बरोबर आहे."

लोक हसले. ताई हसल्या नाहीत. त्या दादांच्या हातांकडे बघत होत्या. मग मीही बघितलं, तर ते एका हाताने दुसरा हात दाबून धरून बसले होते. मला वाटलं आता इथेच झटका येणार. मी उठणार एवढ्यात दादाच उभे राहिले.

"मला जागा वाढवून नको," ते म्हणाले. "माझी तब्येत बरी नसते. म्हणजे छाती नाही, मन. तुम्हाला आम्ही दात सांगितले होते. दात चांगले आहेत." त्यांनी दोन्ही हात पसरून माप दाखवलं. "घरात एक फळी आहे, त्यावर छोटी गाडी चालते. ती चालते तोवर मला भीती वाटत नाही. भाड्याच्या घरात ती फळी मावत नाही. मी चार घरं मोजून आलो. मग माझं काय होईल ते मला माहीत नाही, म्हणून सही केली नव्हती. इमारत पडणार, हे मला पहिल्यापासून मान्य आहे." एवढं बोलून ते थांबले आणि त्यांनी पहिल्या मजल्यावरच्या आजींकडे बघितलं. "सगळ्यात वाईट सज्जा यांच्या डोक्यावरचा आहे. या रोज तिथे बसून भाजी निवडतात. दोन महिने मला त्यामुळे झोप नाही. सही करून झोप जाणार, न करून गेलीच आहे. तेव्हा द्या पेन."

सही केली, आणि गाडी उतरवायला आठ दिवस मागून घेतले. त्या सोसायटीत एका पाण्याच्या टाकीवरून तीन-तीन तास भांडणं झालेली आहेत, पण त्या दिवशी एकानेही खोकून दाखवलं नाही. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी उगीच मोबाइल काढला. वर जाताना जिन्यात सेक्रेटरींनी आम्हाला गाठलं. मोठा आवाज कुठे गेला होता कोणास ठाऊक. "काका, त्या डॉक्टरांचा नंबर द्याल का? मिसेससाठी पाहिजे होता." दोन पायऱ्या वर गेले आणि थांबले. "म्हणजे, माझ्यासाठीच," म्हणाले.

आठ दिवसांत दादांनी रेल्वे उतरवली. प्रत्येक रुळाला मागून नंबर घातला, मावळे जुन्या बनियनांत गुंडाळले, डोंगराचे तीन तुकडे केले आणि सगळं सात खोक्यांत भरलं. भाड्याचं घर घाटकोपरला मिळालं, दीड खोलीचं. खिडकीतून मेट्रो दिसते. नातेवाइकांना हा केवढा मोठा योग वाटला. "बघा, खरीच गाडी आली की घरापुढे!" असं प्रत्येकजण येऊन सांगायचा. दादा "हो ना" म्हणायचे, आणि तो गेला की पडदा ओढून घ्यायचे.

तिथल्या तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी गेलो. ताई भाजी आणायला खाली गेल्या होत्या. दादांनी दार उघडलं तेव्हा शर्ट घामाने भिजला होता. "होतंय," एवढंच म्हणाले आणि पॅसेजमध्ये खोक्यांना टेकून खाली बसले. तीन वर्षांनी पहिला. मी पाणी आणलं, रिक्षा बोलावतो म्हणालो, त्यांनी मान हलवली. पोथ्या म्हणत बसणाऱ्यातला मी नाही, धीर देणंही मला जमत नाही. मी घाबरून समोरचं खोकं फाडलं. त्यात डोंगर निघाला. दुसरं फाडलं, त्यात सगळे मावळे. तिसऱ्यात रूळ. मी हाताला आले ते दोन तुकडे फरशीवर ठेवले, त्यांनी ते एकात एक बसवले. दोन फूट झाले असतील. इंजिन त्यांनी स्वतःच शोधून काढलं. वीज नाही, वळण नाही, फलाट नाही. त्यांनी एका बोटाने इंजिन पुढे ढकललं, टोकापर्यंत नेलं आणि मागे आणलं. पुन्हा नेलं. पुन्हा आणलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. हळूहळू त्यांचा श्वास लांब झाला, आणि मग त्यांनी बोट काढलं व इंजिन माझ्याकडे सरकवलं.

"तू चालव," ते म्हणाले. "घाई करू नकोस."

मी चालवलं. दोन फूट पुढे, दोन फूट मागे. माझा मोबाइल दोनदा वाजला, मी उचलला नाही. ताई भाजी घेऊन आल्या. दोन बाप्ये माणसं फरशीवर बसलेली, आजूबाजूला फाटलेली खोकी, हे त्यांनी दारातूनच पाहिलं. काय झालं असेल ते त्यांना न सांगता कळलं. त्यांनी साडी जरा उचलून धरली, रुळाला पाय न लावता पलीकडे गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं.

मुलुंडच्या बिल्डिंगचा अजून दुसरा स्लॅब चाललाय. बिल्डर म्हणतो दोन वर्षं, दादा म्हणतात चार, आणि अशा बाबतीत दादा आजवर चुकलेले नाहीत. चार वर्षांनी ते सत्तरीच्या घरात असतील. ते तिथे परत राहायला जातील की नाही, ही काळजी आता मला लागली आहे. ती मी त्यांना सांगत नाही. झटके अधूनमधून येतात. आले की ते ताईंना सांगतात, गुरुवारी बाईंना सांगतात, आणि आता नातेवाइकांनाही सरळ सांगतात. मी रविवारी जातो. खोक्यांच्या शेजारी बसतो, ते रूळ जोडतात, आणि बहुतेक वेळ इंजिन माझ्याच हातात असतं.